आधी सही कुठे करायची ते ठरवा

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन माणसं आहेत. एक तुम्ही स्वतः: आर्किटेक्चरची पाच वर्षांची पदवी, त्यावर एका ऑफिसात तीन वर्षं काम, आणि आता मास्टर्ससाठी बाहेर जायची इच्छा. दुसरी तुमची धाकटी बहीण: शाळेचं शेवटचं वर्ष चालू आहे आणि तिला ‘डिझाइनमध्ये काहीतरी’ करायचं आहे. तुमच्या यादीत लंडन, डेल्फ्ट, म्युनिक, झुरिक आणि बॉस्टन अशी पाच शहरं आहेत, आणि यातलं सगळ्यात चांगलं विद्यापीठ कुठलं असं तुम्ही विचारलं आहे. शेवटी, जरा ओशाळून लिहिल्यासारखं, एक वाक्य आहे: ‘ऑफिसात तीन वर्षं टॉयलेटची आणि जिन्यांची डिटेल्सच काढली, पोर्टफोलिओत दाखवण्यासारखं काहीच नाही.’ त्या वाक्याकडे मी शेवटी येतो, कारण तुमच्या सगळ्या पत्रात मला तेच सर्वांत आशादायक वाटलं.

मी पदवीनंतर बाहेर शिकलो, तिथे चार वर्षं नोकरी केली, परत आलो आणि आता बरीच वर्षं स्वतःचं ऑफिस चालवतो. मध्यंतरी प्रवेशासाठी आलेले पोर्टफोलिओ चाळायचं कामही काही वेळा केलं, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू थोड्याफार पाहिल्या आहेत. माझं पहिलं म्हणणं असं, की तुम्ही यादी चुकीच्या टोकाकडून सुरू केली आहे. विद्यापीठाचं नाव सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी पदवीचं नाव येतं. आणि त्याच्याही आधी हा प्रश्न येतो, की पुढे नकाशांवर आर्किटेक्ट म्हणून सही कुठल्या देशात करायची आहे. की करायचीच नाही?

बहुतेक देशांत ‘आर्किटेक्ट’ हा शब्दच कायद्याने राखीव आहे. ब्रिटनमध्ये १९९७ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टनुसार एआरबीच्या, म्हणजे आर्किटेक्ट्स रजिस्ट्रेशन बोर्डाच्या, नोंदवहीत नाव असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून व्यवसाय करता येत नाही. जर्मनीत सोळा राज्यं आहेत आणि प्रत्येक राज्याची आर्किटेक्टांची स्वतंत्र चेंबर, म्हणजे नोंदणी करणारी संस्था, आहे. अमेरिकेतही परवाना राज्य देतं. विद्यापीठ फक्त पदवी देतं. एकाच इमारतीत, एकाच स्टुडिओत शेजारी बसून रात्री जागवणाऱ्या दोघांपैकी एकाची पदवी परवान्याला चालते आणि दुसऱ्याची चालत नाही, हे तिथे रोजचं आहे.

मी त्यातला दुसरा होतो. नाव मोठं, प्राध्यापक नावाजलेले, दीड वर्षाचा अभ्यासक्रम. शिक्षण उत्तम झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण नोकरी लागल्यावर परवान्याची चौकशी केली तेव्हा कळलं, की माझी पदवी ‘व्यावसायिक पदवी घेतलेल्यांसाठीची पुढची पदवी’ आहे आणि तिथल्या परवान्याच्या हिशेबात तिची किंमत शून्य आहे. हे माहितीपुस्तकात सरळ छापलेलं होतं. मीच वाचलं नव्हतं, कारण माझं सगळं लक्ष मुखपृष्ठावरच्या मॉडेलच्या फोटोकडे होतं.

अमेरिकेचं गणित आधी नीट समजून घ्या. तिथे एनएएबी ही संस्था अभ्यासक्रमांना मान्यता देते, आणि ती देते फक्त बी.आर्क., एम.आर्क. आणि डी.आर्क. या पदव्यांना. चार वर्षांची ‘बॅचलर ऑफ सायन्स इन आर्किटेक्चर’ त्यात बसत नाही. ‘मास्टर ऑफ सायन्स’ या नावाने चालणारे अर्बन डिझाइन, कॉम्प्युटेशन, प्रगत आर्किटेक्चर वगैरे अभ्यासक्रमही बसत नाहीत. गंमत म्हणजे एम.आर्क. नावाचेही दोन प्रकार असतात. हार्वर्डमध्ये एम.आर्क. वन हा मान्यताप्राप्त, सुमारे साडेतीन वर्षांचा आणि कुठल्याही शाखेच्या पदवीधराला खुला, एम.आर्क. टू हा ज्यांच्याकडे आधीच व्यावसायिक पदवी आहे त्यांच्यासाठीचा, कमी मुदतीचा. तुमच्यासारखे पाच वर्षं शिकून आलेले लोक साहजिकच दुसऱ्याकडे वळतात: वेळ कमी, पैसे कमी, आणि ‘पुन्हा पहिलीपासून कशाला?’ हा स्वाभिमान. शिकून परत यायचं असेल तर तो निर्णय शहाणपणाचाच आहे. तिथेच राहून परवाना काढायचा असेल तर मात्र आधीच्या परदेशी पदवीचं विषयवार मूल्यमापन करून घ्यावं लागतं आणि जे विषय कमी पडतील ते भरून काढावे लागतात. त्यापुढे ३,७४० तासांचा नोंदवलेला अनुभव आणि सहा भागांची परीक्षा ही सगळ्यांनाच आहे. काही विद्यापीठं परदेशी बी.आर्क.वाल्यांना लांबच्या एम.आर्क.मध्ये एखादं वर्ष माफ करतात. ते मागितल्याशिवाय देत नाहीत, तेव्हा अर्ज करतानाच विचारा.

ब्रिटनमध्ये भाषा वेगळी आहे. तिथे ‘पार्ट वन, पार्ट टू, पार्ट थ्री’ असं बोलतात: तीन वर्षांची पदवी (पार्ट वन), एखादं वर्ष नोकरी, दोन वर्षांची मास्टर्स (पार्ट टू), पुन्हा नोकरी, मग शेवटची परीक्षा (पार्ट थ्री). सगळं मिळून सात वर्षांच्या आत कोणाचं क्वचितच उरकतं. ही रचना सध्या बदलते आहे, म्हणून ओळखीच्या सीनियरच्या आठवणींवर विसंबू नका, एआरबीचंच ताजं पान उघडा. आणि लंडनच्या विद्यापीठांत एक वर्षाच्या मास्टर्स डझनाने आहेत. त्यांतल्या बहुतेक पार्ट टू नाहीत. इथे शिष्यवृत्तीही नकळत वाट वळवते. चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती एक वर्षाच्या मास्टर्सला पैसे देते, पार्ट टूची मास्टर्स सहसा दोन वर्षांची असते. म्हणजे शिष्यवृत्ती मिळाल्याच्या आनंदात परवान्याचा रस्ता आपोआप बंद होतो, आणि तो बंद झाला हे दोन वर्षांनी कळतं.

युरोपीय संघात पाच वर्षांचं शिक्षण, किंवा चार वर्षांचं शिक्षण आणि दोन वर्षांची उमेदवारी, अशी किमान अट आहे. शिवाय देशोदेशीच्या जादा अटी: नेदरलँड्समध्ये मास्टर्सनंतर दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव, जर्मनीत बहुतेक राज्यांत तसंच, इटलीत वेगळी राज्य परीक्षा.

आणि परत यायचं असेल तर? तर आपल्या देशाच्या नोंदणी संस्थेला निघायच्या आधी पत्र पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. तुमची मूळ पदवी तुमच्या खिशात आहेच, त्यामुळे तुम्हाला धोका कमी. बहिणीने उद्या शाळेनंतर थेट बाहेर आर्किटेक्चर घेतलं, तर मात्र हा प्रश्न तिच्यासाठी फार मोठा आहे. युरोपातली तीन वर्षांची बॅचलर एकटी कुठेच पुरत नाही. त्यावर मास्टर्स गृहीतच धरायची असते, म्हणजे खर्चही पाच वर्षांचा धरायचा.

हे सगळं ठरलं की मग विद्यापीठ. पण त्यातही रँकिंगच्या तक्त्यात विद्यापीठाला क्रमांक असतो, आणि तुम्ही शिकणार असता एका स्टुडिओत, एका किंवा दोन माणसांच्या हाताखाली. लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनमध्ये, म्हणजे १८४७ साली सुरू झालेल्या एएमध्ये, आणि बार्टलेटमध्येही, म्हणजे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या वास्तुकला शाळेतही, ‘युनिट’ पद्धत आहे. प्रत्येक युनिटचे शिक्षक वेगळे, विषय वेगळा, कधीकधी आर्किटेक्चर म्हणजे काय याबद्दलचं मतही वेगळं. एकाच मजल्यावर एक युनिट लाकडाचे सांधे प्रत्यक्ष कापून बघत असतं आणि शेजारचं युनिट तीनशे वर्षांनंतरच्या शहराची फिल्म करत असतं. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात प्रत्येक प्राध्यापकाची चेअर, म्हणजे अध्यासन, हा जवळजवळ स्वतंत्र संसार. टोकियो विद्यापीठात तुम्ही प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत दाखल होता, आणि अर्जाआधी त्या प्राध्यापकाशी पत्रव्यवहार केलेला नसेल तर अर्जाला फारसा अर्थ उरत नाही.

म्हणून ‘डेल्फ्ट कसं आहे?’ असं विचारू नका. गेल्या दोन वर्षांत तिथून बाहेर पडलेल्यांनी शेवटच्या वर्षी काय केलं ते बघा. डेल्फ्टचे पदवी प्रकल्प विद्यापीठाच्या खुल्या संग्रहात ठेवलेले असतात, रेखाचित्रांसकट. एए आणि बार्टलेट दरवर्षी वर्षअखेरचं प्रदर्शन भरवतात आणि त्याची नोंद प्रसिद्ध करतात. वीस-पंचवीस प्रकल्प शांतपणे बघितले की एखाद्या ठिकाणी आपल्याला आपण तिथे बसलेलो दिसतो आणि एखाद्या नामांकित ठिकाणी अजिबात दिसत नाही. ते न दिसणंही मनावर घ्या. मुंबई-पुण्यात काय किंवा मिलानमध्ये काय, स्वभावाविरुद्धच्या स्टुडिओत काढलेलं वर्ष फार लांब असतं.

एक आडवळण. डेल्फ्टच्या आर्किटेक्चर विभागाची इमारत १३ मे २००८ रोजी जळाली. सुरुवात झाली कॉफीच्या यंत्रातल्या शॉर्ट सर्किटने. जीवितहानी झाली नाही, पण इमारत गेली. विद्यापीठाने वर्षभराच्या आत आपल्या जुन्या मुख्य इमारतीत विभाग थाटला आणि मधलं अंगण काचेने झाकून तिथे प्रचंड मॉडेल हॉल केला. तात्पुरती म्हणून केलेली ती जागा इतकी चालली की विभाग तिथेच राहिला. मला यात दिसतं ते असं, की आर्किटेक्चरच्या शाळेला अपरिहार्य काय असतं ते त्या घाईत आपोआप ठरलं: मोठी टेबलं, मॉडेल करायची जागा, आणि एकमेकांचं काम जाता-येता दिसेल असा जिना. विद्यापीठ निवडताना कार्यशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते आणि प्रत्येकाला स्वतःचं टेबल मिळतं का, हे दोन प्रश्न मी रँकिंगच्या वर ठेवीन.

आता एक गोष्ट जी सल्ला देणाऱ्या एजंटांकडून तुम्हाला ऐकायला मिळणार नाही. बाहेर शिकलेलं सगळं बांधकामशास्त्र सोबत आणता येत नाही, आणि काही तर आणलं तर नुकसान करतं. डेल्फ्ट साधारण ५२ अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून १५ अंशांच्या आसपासच असतो. अशा ठिकाणी तुम्ही दोन वर्षं सूर्याला घरात कसं ओढायचं तेच शिकता. दक्षिणेला मोठी काच, भिंतीत जाड इन्सुलेशन, आणि त्याच्या आतल्या बाजूला वाफ अडवणारा पडदा, कारण थंडीत घरातली उबदार, दमट हवा भिंतीतून बाहेर जाऊ पाहते आणि मध्येच गार होऊन तिचं पाणी होतं. हेच डिटेल उष्ण, दमट हवेत एसी लावलेल्या इमारतीला जसंच्या तसं लावा: आता वाफ बाहेरून आत येऊ पाहते, आतल्या पडद्याला येऊन थडकते, गार होते, आणि भिंत आतून कुजते. मी परतल्यावर पहिल्याच कामात हे करून बसलो होतो. साइटवरच्या एका वयस्क सुपरवायझरने ‘साहेब, हे प्लास्टिक उलट्या बाजूला नको का?’ असं विचारलं म्हणून वाचलो. मेलबर्नला गेलात तर याहून साधा धक्का बसेल. तिथे सूर्य उत्तरेला असतो.

म्हणून बाहेर शिकू नये असं मुळीच नाही. चार्ल्स कोरिया मिशिगन आणि एमआयटीमध्ये शिकले, परत आले, आणि १९६१-६२ मध्ये अहमदाबादला त्यांनी ट्यूब हाउस बांधलं: अरुंद, लांबट घर, उतरतं छत, तापलेली हवा छताच्या उताराने वर सरकून माथ्यावरच्या फटीतून बाहेर. बॉस्टनच्या कुठल्याही डिटेलच्या पुस्तकात ते मिळालं नसतं. पण हवा कशी वाहते याचा विचार मुळापासून करायची सवय तिथून आणता येते. फ्रान्सिस केरे यांचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. सुतारकामाच्या शिष्यवृत्तीवर ते बुर्किना फासोहून जर्मनीला गेले, पुढे बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत आर्किटेक्चर शिकायला लागले, आणि शिकत असतानाच पैसे जमवून आपल्या गांडो गावात शाळा बांधली. मातीच्या विटा, छिद्रं ठेवलेलं मातीचं छत, आणि त्याच्यावर अंतर सोडून उचललेलं पत्र्याचं मोठं छप्पर, म्हणजे मधून वारा जाईल. शाळा २००१ मध्ये उभी राहिली. पदवी मिळाली २००४ मध्ये. २०२२ मध्ये प्रित्झकर, आर्किटेक्चरमधला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार. बर्लिनमध्ये शिकताना त्यांच्या डोक्यात सतत एक ठरावीक जागा होती, तिथलं ऊन होतं. तुमच्याकडे अशी एखादी जागा असेल तर उद्देशपत्रात ती लिहा. ‘लहानपणापासून मला इमारतींची ओढ होती’ हे वाक्य तिथून काढून टाका. ते प्रत्येकाच्या पत्रात असतं.

पोर्टफोलिओ. इथे जरा रेंगाळतो.

तपासणाऱ्यासमोर एका दिवसात कित्येक डझन फाइली असतात. पहिल्या फेरीत एका फाइलला काही मिनिटं मिळतात, तीही स्क्रीनवर, बहुधा लॅपटॉपच्या. तेव्हा मोठ्या कागदावर सुंदर दिसणारी बारीक अक्षरं तिथे मुंग्यांसारखी दिसतात. मी स्वतः काय शोधत असे, ते सांगतो. एक तरी प्लॅन, ज्यात उत्तर दिशा आणि स्केल आहे आणि जो बघून मी मनातल्या मनात त्या इमारतीत चालू शकतो. एक तरी सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, ज्यात जमीन खरी आहे, म्हणजे सरळ रेघ नाही. आणि एक तरी जागा जिथे विचार बदललेला दिसतो: हे आधी असं केलं, ते चाललं नाही, म्हणून असं केलं. शेवटची गोष्ट दहांतल्या नऊ जणांकडे नसते. सगळे फक्त विजयाची छायाचित्रं पाठवतात. चुकीचं मॉडेल, खोडलेलं स्केच, शिक्षकाने लाल पेनाने वेडंवाकडं काढलेली रेघ आणि त्यावर तुम्ही दिलेलं उत्तर, हे पान बघितलं की तपासणारा खुर्चीत सरळ बसतो. कारण स्टुडिओत दोन वर्षं त्याला तेच करायचं असतं.

संगणकावर काढलेली चकचकीत दृश्यं, म्हणजे रेंडर, आता कोणालाच थक्क करत नाहीत. एआयने काढलेलं दृश्य तर नाहीच. ते वापरलं असेल तर तसं स्पष्ट लिहा, कारण पुढच्याच पानावर त्या दृश्याशी न जुळणारा प्लॅन असला की सगळी फाइल संशयात पडते. गटात केलेल्या कामाखाली ‘यात माझं काय’ हे एका ओळीत लिहा. चार प्रकल्प पुरेत, तीन तर उत्तमच. अभ्यासक्रमातल्या सगळ्या सेमिस्टरचं प्रगतिपुस्तक मांडायचं कारण नाही. सगळ्यात चांगलं काम पहिलं, त्याच्या खालोखालचं शेवटी. पानांची आणि फाइलच्या आकाराची मर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते आणि ती पाळलीच पाहिजे. आर्किटेक्टला दिलेल्या जागेत बसता येत नसेल तर त्याबद्दल तपासणाऱ्याचं जे मत होतं ते फार बरं नसतं.

शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या माणसाकडून घ्यायचा मोह होतो. त्याऐवजी ज्याने तुमचं काम चुकताना आणि सुधारताना पाहिलं आहे त्याच्याकडून घ्या. ‘ही हुशार आणि कष्टाळू आहे’ यापेक्षा ‘हिने पार्किंगचा रॅम्प तीनदा नव्याने काढला आणि तिसऱ्यांदा माझंच चुकत होतं हे मला दाखवून दिलं’ हे पत्र कितीतरी वजनदार.

पैशांचं आणि व्हिसाचं थोडक्यात, कारण आकडे सतत हलतात. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत शिक्षण फुकट, असं सगळे सांगतात. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, आणि तुमच्या यादीतल्या म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्यांना फी लावली आहे. झुरिकच्या ईटीएचने २०२५ पासून परदेशी विद्यार्थ्यांची फी तिप्पट केली. तरीही ती लंडन-बॉस्टनच्या मानाने किरकोळच आहे, खरा खर्च तिथे राहण्याचा. डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची आर्किटेक्चरसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे, तिला पोर्टफोलिओ द्यावा लागतो. अमेरिकेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर गेलात तर शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायची अट असते, ती सही करण्याआधी वाचा. पदवीनंतर काम शोधायला जर्मनी १८ महिने देते, नेदरलँड्स एक वर्ष. अमेरिकेत एक वर्ष, आणि अभ्यासक्रम सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत असेल तर आणखी दोन. तो यादीत आहे का हे अभ्यासक्रमाच्या सांकेतिक क्रमांकावरून ठरतं, विद्यापीठाच्या नावावरून नाही. मॉडेलचं साहित्य, लेझर कटिंग आणि प्रिंट यांचा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो. तो घरभाड्यासारखा दर महिन्याचा धरा.

भाषेबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. म्युनिक आणि झुरिकमध्ये मास्टर्सचा मोठा भाग इंग्रजीत निभावता येतो. ऑफिसातलं काम येत नाही. साइटवरचा गवंडी, परवानगी देणारा अधिकारी, आग-सुरक्षेचा तपासनीस यांच्याशी जर्मनमध्येच बोलावं लागतं. मी पहिली दोन वर्षं ‘स्पर्धांच्या टीम’मध्ये अडकलो होतो, कारण चित्रांना व्याकरण लागत नाही. भाषा आली तेव्हा साइट मिळाली.

आता बहीण. ‘डिझाइन’ या एका शब्दात खुर्ची, अ‍ॅप, कापड, अक्षरं, गाडी आणि दवाखान्यातली रांग, एवढं सगळं येतं. शाळा संपताना त्यातलं काय हे तिला माहीत नसणं अगदी रास्त आहे. म्हणूनच पहिलं वर्ष पायाभूत असणारी ठिकाणं तिने बघावीत. ही पद्धत बाउहाउसची देणगी. १९१९ मध्ये वायमारला ती शाळा उघडली आणि थोड्याच काळात योहानेस इटेनने सगळ्यांना सक्तीचा प्राथमिक अभ्यासक्रम सुरू केला: कागद, तार, लाकूड, रंग हातात घ्या आणि ते काय करू देतात ते बघा. ज्या शाळेचं नाव आज आर्किटेक्चरशी इतकं जोडलं गेलं आहे, तिथे आर्किटेक्चरचा स्वतंत्र विभाग १९२७ पर्यंत नव्हताच. १९३३ मध्ये शाळा बंद पडली, शिक्षक पांगले, आणि त्यांच्याबरोबर ते पहिलं वर्ष जगभर गेलं.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टच्या मास्टर्सचं स्वप्न तिने सध्या बाजूला ठेवावं. ते पदवीनंतरचं आहे. अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन, नेदरलँड्समधली आइंडहोव्हनची डिझाइन अकादमी, मिलानचं पॉलिटेक्निको ही पदवीची ठिकाणं तिने चाळावीत. ऱ्होड आयलंड अनेक वर्षं अर्जाबरोबर सायकलचं चित्र मागत असे. साखळी कुठून कुठे जाते, पेडल दांड्याला कसं जोडलेलं असतं, हे न बघता काढता येत नाही. करून पाहा, मी पहिल्यांदा काढलेली सायकल वळूच शकली नसती. तिला आत्ता करण्यासारखं हेच आहे: रोज एक वापरातली वस्तू समोर ठेवून काढायची, उघडून पुन्हा काढायची. डिझाइनला आर्किटेक्चरसारखा परवाना सहसा नसतो, त्यामुळे पदवीच्या नावाची ती कटकट तिच्या वाट्याला नाही. तिच्या बाबतीत वही हीच सनद.

आणि तुमचे जिने. जर्मनीत आर्किटेक्टच्या कामाचे कायद्याने नऊ टप्पे केलेले आहेत, आणि नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न असतो: कुठल्या टप्प्यावर काम केलंय? पाचवा टप्पा म्हणजे प्रत्यक्ष बांधकामाची रेखाचित्रं. संकल्पना करणारे हवे तितके मिळतात. पाचव्या टप्प्याच्या माणसाला ऑफिसं शोधत असतात. तुम्ही तीन वर्षं नेमकं तेच केलं आहे आणि त्याला ‘काहीच नाही’ म्हणता.

पोर्टफोलिओतही त्याला जागा आहे, आणि मी तर तोच पहिला प्रकल्प करीन. दोन राइझर (पायरीची उंची) अधिक एक ट्रेड (पाऊल ठेवायची पायरीची रुंदी) मिळून साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर, हा नियम तुम्ही शेकडो वेळा वापरला असेल. तो मांडला फ्रांस्वा ब्लॉन्देलने, १६७१ मध्ये पॅरिसला सुरू झालेल्या राजेशाही वास्तुकला अकादमीच्या पहिल्या प्रमुखाने, माणसाचं पाऊल सपाट जमिनीवर आणि चढावर किती पडतं याच्या हिशेबातून. एक जिना निवडा. त्यात कुठे अडचण आली ते दाखवा: बीम डोक्याला लागत होता का, लँडिंगवर कठड्याच्या उंच्या जुळत नव्हत्या का, शेवटचा राइझर फरशीच्या जाडीमुळे दीड सेंटिमीटरने कमी भरला का. तुमचं पहिलं ड्रॉइंग, साइटवरून आलेला फोन, बदललेलं ड्रॉइंग, आणि बांधून झालेल्या जिन्याचा फोटो. चार पानं.

ते फोटो आणि ड्रॉइंग वापरायची परवानगी मात्र ऑफिसकडून आत्ताच, राजीनामा देण्याआधी, ईमेलवर घ्या. आणि साइटवरचे फोटो सुपरवायझरच्या फोनमध्ये असतील तर या आठवड्यातच मागून घ्या, कारण फोन बदलला की ते कायमचे जातात.